दाब... सोड... : फियाटची पुढची चाकं आणि घरच्या दुरुस्तीचा इतिहास

आजच्या विषयाची सुरुवात एका आवाजाने करतो, कारण तुमच्यापैकी साठीच्या पुढच्या बऱ्याच जणांच्या कानात तो असणार. रविवारची सकाळ. सोसायटीच्या आवारात फियाट उभी, एक चाक काढलेलं, गाडीखालून फक्त दोन पाय दिसतायत. आणि खालून आवाज येतो, 'दाब... धरून ठेव... सोड.' वर ड्रायव्हरच्या सीटवर आमच्यासारखा एखादा दहा-बारा वर्षांचा पोरगा बसलेला, जेमतेम पाय पोचतोय, आणि तो ब्रेकचं पेडल दाबतोय. ब्रेकच्या नळीत अडकलेली हवा काढायचं हे काम. त्याला दोन माणसं लागतात. म्हणून आमच्या पिढीतली कितीतरी मुलं क्लच म्हणजे काय हे कळायच्या आधी ब्रेकची हवा काढायला शिकली.

हा छंद नव्हता. हल्ली जुन्या गाड्यांच्या रॅलीत जे दिसतं, पॉलिश केलेला बॉनेट आणि बाजूला फोटो, त्यातलं यात काहीच नव्हतं. ज्याच्याकडे गाडी होती तो श्रीमंत होता असंही नाही. गाडी होती आणि ती पुढची वीस वर्षं चालवायची होती, एवढंच. आजचा प्रश्न असा की सामान्य नोकरदार माणूस गाडीच्या सगळ्यात जोखमीच्या भागाला, म्हणजे पुढच्या चाकांच्या सस्पेन्शनला आणि ब्रेकला, स्वतः हात का घालत होता? त्याला ते कशामुळे जमत होतं? आणि कुठे जमत नव्हतं?

आधी पुढच्या चाकात काय असतं ते बघू. मागच्या चाकाला दोन कामं, फिरायचं आणि वर-खाली व्हायचं. पुढच्या चाकाला याशिवाय वळायचंही असतं. शिवाय ब्रेक मारला की गाडीचा भार पुढे झुकतो, तोही त्याच्यावरच येतो. जुन्या मोटारींना पुढेही बैलगाडीसारखा अखंड आस असायचा आणि त्याखाली पाटे. एक चाक दगडावर चढलं की आस तिरका होणार, म्हणजे दुसरं चाकही तिरकं होणार. आणि फिरतं चाक म्हणजे भोवराच. भोवऱ्याला एका बाजूने ढकललं की तो वेगळ्याच बाजूला वळतो. त्यामुळे ठरावीक वेगाला पुढची दोन्ही चाकं थरथरायला लागायची, स्टिअरिंग हातातून सुटेल असं वाटायचं. या थरथरीचा नीट अभ्यास केला तो मॉरिस ऑली या इंजिनिअरने. तो रोल्स-रॉइसमधून अमेरिकेत जनरल मोटर्सकडे गेला होता. १९३४ च्या मॉडेलांपासून त्या कंपनीने पुढचा अखंड आस काढून टाकला आणि प्रत्येक चाकाला आपापली मोकळीक दिली. इटलीत लान्चियाने लॅम्ब्डा गाडीत १९२२ मध्येच वेगळ्या पद्धतीने हे करून दाखवलं होतं, पण घरोघरच्या गाडीपर्यंत ते यायला वेळ लागला.

आपली फियाट याच वंशातली. १९५३ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात फियाट ११००-१०३ आली, डान्ते जाकोसा यांच्या देखरेखीखाली तयार झालेली. पुढे प्रत्येक चाकाला वर एक आर्म, खाली एक आर्म, मध्ये कॉइल स्प्रिंग, आणि दोन आर्मांच्या टोकांना जोडणारा उभा भाग. त्या उभ्या भागात किंगपिन. किंगपिन म्हणजे दाराच्या बिजागरीची खीळच समजा. तिच्याभोवती चाक डावं-उजवं वळतं. खीळ पोलादाची, ती ज्या बुशमध्ये फिरते ते मऊ धातूचं, आणि दोघांच्या मध्ये ग्रीस. हा 'मऊ धातू' लक्षात ठेवा. झिजायचं कोणी, हे रचनाकाराने आधीच ठरवलेलं होतं. खीळ महाग, बुश स्वस्त, म्हणून बुशने झिजायचं. बुश काढा, नवं बसवा, गाडी पुन्हा घट्ट.

आता इटलीहून कुर्ल्याला येऊ. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यात १९४७ पासून आधी अमेरिकन क्रायस्लर कंपनीच्या गाड्या जुळवल्या जात. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने सरकारला सल्ला दिला की जे इथे सुटे भाग बनवतील त्यांनीच राहावं, नुसती जुळणी नको. १९२८ पासून मुंबईत जुळणी करणारी जनरल मोटर्स १९५४ मध्ये गेली, त्याच सुमारास फोर्डही गेली. प्रीमियर राहिली, आणि १९५४ पासून आपल्या रस्त्यावर गोल नाकाची ११०० आली. लोकांनी तिला 'डुक्कर फियाट' म्हटलं, आणि प्रेमानेच म्हटलं. मग १९६४ च्या सुमारास डिलाइट, पुढे प्रेसिडेंट, आणि १९७४ पासून पद्मिनी. नावं बदलली. पुढच्या चाकातली मूळ रचना तीच राहिली.

इथे एक तारीख सांगतो. १९६६ मध्ये खुद्द फियाटने इटलीत ११०० आर हे मॉडेल काढलं आणि तिला पुढे डिस्क ब्रेक दिले. १९६९ मध्ये ती गाडी तिथे बंदच झाली. आपल्याकडे मात्र तिच्या आधीच्या मॉडेलवर बेतलेली गाडी ड्रम ब्रेकांसह शतक संपेपर्यंत बनत राहिली. तुरीनला जी गाडी इतिहासजमा झाली, तिची आपल्याकडे लोक नंबर लावून वाट बघत होते. बाजारात गाडीच मिळत नाही म्हटल्यावर कारखान्याने ती सुधारायची कशाला? तक्रारी इतक्या वाढल्या की १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात सरकारला मोटारींच्या दर्जाची चौकशी करायला समिती नेमावी लागली.

या थांबलेपणाला आपण नावं ठेवतो, आणि ती ठेवायलाच हवीत. पण त्यातून एक भलतीच गोष्ट घडली. तीच गाडी चाळीस वर्षं रस्त्यावर राहिली, म्हणून तिच्याबद्दलचं ज्ञान सगळीकडे पसरलं. काकांना १९६४ ची गाडी दुरुस्त करता येत असेल तर पुतण्याला १९८४ ची येत होती. त्यात मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी. एकच मॉडेल, हजारोंच्या संख्येने, रोज रस्त्यावर. टॅक्सी रोज झिजते, म्हणून तिचे भाग रोज विकले जातात. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, पुण्यात नाना पेठेत किंगपिनचा सेट वाण्याकडे साबण मिळावा तितक्या सहज मिळायचा, तो टॅक्सीवाल्यांमुळे. घरगुती फियाटवाले त्यांच्या जिवावर जगत होते, हे आपण फारसं कबूल करत नाही.

घरी नेमकं काय चालायचं? सगळ्यात आधी चाचणी. ती इतकी सुंदर आहे की सांगितल्याशिवाय राहवत नाही. पुढचं चाक जॅकवर उचलायचं आणि गाडीखाली घोडी लावायची. नुसत्या जॅकवर विसंबून गाडीखाली जायचं नाही, हे आधी सांगून ठेवतो. घड्याळात बारा आणि सहा जिथे असतात तिथे दोन हातांनी चाक धरायचं आणि हलवायचं. खटखट झाली तर एक तर किंगपिन झिजली किंवा चाकाचं बेअरिंग सैल झालं. दोघांतलं कोणतं? आत बसलेल्या पोराला सांगायचं, ब्रेक दाब. ब्रेक लागला की चाक आणि त्यामागचा पत्रा एकजीव होतात, बेअरिंगची ढिलाई लपते. खटखट थांबली तर बेअरिंग. तरीही चालू राहिली तर किंगपिन. मग तीन आणि नऊवर धरून हलवायचं. तिथे खेळ असेल तर बहुधा स्टिअरिंगच्या सांध्यात, टाय रॉडच्या टोकाला. एक पैसा खर्च नाही, एक यंत्र नाही. आजही जुन्या गाडीवर ही चाचणी चालते.

चाचणीनंतर ग्रीस. निपलवरची माती पुसायची आणि गन लावून काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत मारत राहायचं. कंटाळवाणं काम. म्हणूनच लोक ते टाळायचे, आणि मग गाडी शंभर फुटांवरून ओळखू यायची, कुरकुर करत. इतर गाड्यांचीही हीच तऱ्हा. ॲम्बॅसेडरला पुढे कॉइल स्प्रिंग नव्हती, टॉर्शन बार होते, आणि तिचे ट्रनियन सतत लक्ष मागायचे. मद्रासला बनणाऱ्या स्टँडर्ड हेरल्डची खोड आणखी वेगळी. तिच्या खालच्या ट्रनियनला ग्रीस नव्हे, जाड गिअर ऑइल लागायचं. सवयीने ग्रीस भरलं आणि तेल आत पोचलंच नाही, की आटे गंजून झिजायचे आणि एखाद दिवशी वळणावर चाक आत दुमडायचं. जपण्याच्या नादात चुकीचं वंगण भरणारे मालक अशा गाड्यांना भेटत असत.

किंगपिन बदलायची वेळ आली की मात्र घरच्या माणसाची हद्द संपायची. जुनं बुश ठोकून काढता येतं. नवं बसवल्यावर त्याला रीमर मारावा लागतो, तोही असा की वरचं आणि खालचं बुश एका रेषेत आलं पाहिजे. ते लेथवाल्याचं काम. शहाणा मालक सगळं खोलून, धुऊन, कापडात गुंडाळून लेथवाल्याकडे न्यायचा आणि संध्याकाळी परत आणून जोडायचा. स्प्रिंगला तर हात लावताना भल्याभल्यांना घाम फुटायचा. दाबलेली कॉइल स्प्रिंग सुटली तर ती कुठे जाईल हे कोणीच सांगू शकत नाही. ती कायदेशीर साधनाशिवाय, नुसत्या जॅकच्या भरवशावर काढणारे लोक आम्ही पाहिले आहेत. त्यांचं कौतुक करायची आमची इच्छा नाही.

आता ब्रेक. सस्पेन्शन खूप माफ करतं. बुश झिजलं तर आवाज येतो, टायर एका बाजूने खाल्ला जातो, गाडी एका अंगाला ओढते. महिनोन् महिने ती तुम्हाला सांगत राहते. ब्रेकचं तसं नाही.

लुई रेनो यांनी १९०२ मध्ये ड्रम ब्रेक आणला. त्याच साली इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं, पण डिस्कला रस्त्यावर रुळायला अर्धं शतक लागलं. १९५३ मध्ये ल मान्सची शर्यत जॅग्वारने डिस्कच्या जोरावर जिंकली, तेव्हा जगाचं लक्ष गेलं. दरम्यान दुसरी क्रांती झाली होती ती तेलाची. आधी ब्रेक तारांनी आणि कांबींनी ओढले जायचे. चारही चाकांना सारखा ताण मिळणं जवळपास अशक्य, मग गाडी गिरकी घ्यायची. माल्कम लॉकहीड या अमेरिकन माणसाने बंद नळीतल्या द्रवाचा उपयोग केला. पास्कलचा नियम आपण शाळेत शिकलोय, दाब सगळीकडे सारखा. १९२१ मध्ये ड्यूसेनबर्ग गाडीच्या चारही चाकांना असे ब्रेक आले. सुरुवातीच्या काळात या तेलात काय असायचं माहीत आहे? एरंडेल आणि अल्कोहोल. आपल्या आज्यांना हे सांगितलं असतं तर त्यांना मोटारीबद्दल जरा आपुलकी वाटली असती.

ब्रेक म्हणजे वेगाची उष्णता करणारी भट्टी. गाडी आणि माणसं मिळून हजार किलो धरा, वेग ताशी ६० किलोमीटर. ती थांबवताना जी उष्णता निघते तिच्यात जवळपास अर्धा लिटर पाणी उकळीला येईल. हे एकदा ब्रेक मारल्याचं. आता खंडाळ्याहून खोपोलीला उतरा. पाचशे मीटरहून जास्त उतार. ही सगळी उंची ब्रेकनेच पचवायची म्हटली तर सोळा-सतरा लिटर पाणी उकळेल एवढी उष्णता. म्हणून 'ज्या गिअरवर चढलास त्याच गिअरवर उतर' असं जुने ड्रायव्हर सांगायचे. ड्रमची अडचण अशी की तापला की तो फुगतो आणि शूपासून लांब जातो. पेडल खाली खाली जातं. आणि फियाट ११०० च्या मूळ रचनेत तेलाचा मार्ग एकच. एका चाकाच्या सिलिंडरमधलं रबर फाटलं, की चारही चाकांचा ब्रेक गेला. अमेरिकेत १९६८ पासून गाड्यांना दोन स्वतंत्र मार्गांची सक्ती झाली. आमच्या गाडीला एकच होता.

हे आम्हाला पुस्तकातून कळलं नाही. दिवे घाटात कळलं.

अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, मास्टर सिलिंडरचं रबर किट घरी बदललं. सगळं शिस्तीत. पुस्तिका उघडी, नट डब्यांच्या झाकणांत ओळीने मांडलेले. सिलिंडर आणि नवी रबरं त्यांनी रॉकेलमध्ये स्वच्छ धुतली. घरातली प्रत्येक गोष्ट रॉकेलनेच धुतली जायची, सायकलची चेन, स्टोव्हची पिन, सगळं. हवा काढली, पेडल दगडासारखं घट्ट. आठवड्याने सासवडला लग्नाला गेलो. परतताना घाट उतरायला लागलो, तर गाडी उतारावरही जड चालतेय. अण्णांना वाटलं पेट्रोलमध्ये कचरा. मग करपल्याचा वास. आणि तिसऱ्या वळणावर पेडल सरळ जमिनीला टेकलं. अण्णा एक शब्द बोलले नाहीत. गिअर खाली टाकला, हँडब्रेक ओढला, आणि डोंगराच्या बाजूच्या मुरमाच्या ढिगात गाडी घातली. बंपर वाकला. मागच्या सीटवर आम्ही तिघं भावंडं आणि आईच्या मांडीवर आहेराच्या भांड्यांची पिशवी. कोणाला खरचटलंही नाही.

अर्ध्या तासाने गाडी गार झाली आणि ब्रेक पुन्हा ठणठणीत. हे सगळ्यात भीतीदायक होतं. आई म्हणाली, 'आता लागतोय ना, मग चला की.' अण्णांनी ऐकलं नाही. एसटीने घरी आलो.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला. त्याने टाकीचं झाकण उघडून वास घेतला आणि विचारलं, 'साहेब, रॉकेलनं धुतलंत का?'

'हो. का?'

'रबराला रॉकेल म्हणजे विष, साहेब. फुगतं ते. ब्रेकच्या तेलानंच धुवायचं. नाय तर स्पिरिटनं.'

मग त्याने दाखवलं. मास्टर सिलिंडरला सुईच्या टोकाएवढं एक भोक असतं. पाय काढला की रबर मागे सरकतं, भोक मोकळं होतं आणि दाबलेलं तेल टाकीत परत जातं. आमचं रबर फुगलं होतं. भोक मोकळंच होईना. तेलाचा दाब अडकून राहिला, शू ड्रमला घासत राहिले, ड्रम तापला, तेल उकळलं, वाफ झाली. तेल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पेडल खाली गेलं. गार झाल्यावर वाफेचं पुन्हा तेल झालं आणि ब्रेक परत आला. दगडासारखं घट्ट पेडल बघून अण्णा ज्याच्यावर खूश झाले होते, त्याच कामाने आम्हाला घाटात सोडलं होतं.

दुरुस्ती करणाऱ्या हातांनाही एक किंमत होती, आणि तिचा आवाज कधीच झाला नाही. ब्रेकच्या लायनरमध्ये तेव्हा ॲस्बेस्टॉस असायचं. ड्रम काढला की आत राखाडी भुकटी. ती आम्ही तोंडाने फुंकायचो. गॅरेजवाले हवेच्या पाइपने उडवायचे, आणि शेजारी बसून कोणीतरी डबा खात असायचं. त्या तंतूंचा आजार वीस-तीस वर्षांनी वर येतो, त्यामुळे कोणी त्याचा ब्रेकशी संबंध जोडला नाही. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याबद्दल महत्त्वाचा निकाल दिला, पण तो कारखान्यांतल्या कामगारांच्या संदर्भात होता. रस्त्याकडेला शूवर नवं लायनर रिव्हेट मारून बसवणारा माणूस कुठल्या हजेरीपटावर होता? घरी जुना ड्रम उघडणाऱ्यांना आमचं सांगणं एवढंच, भुकटी फुंकू नका. ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडकं टाकून द्या.

तपासणी कोण करत होतं, हाही मुद्दा आहे. ब्रिटनमध्ये १९६० मध्ये दहा वर्षांहून जुन्या गाड्यांचे ब्रेक, दिवे आणि स्टिअरिंग तपासायची सक्ती आली. इतक्या गाड्या नापास झाल्या की पुढच्याच वर्षी मर्यादा सात वर्षांवर आली, १९६७ मध्ये तीनवर. तिथेही लोक घरी दुरुस्ती करायचेच. जॉन हेन्स यांची गाडी खोलून लिहिलेली मार्गदर्शकं १९६६ पासून निघू लागली. पण घरच्या कामावर वर्षातून एकदा परक्या माणसाची नजर पडत होती. आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात टॅक्सी-ट्रकला नियमित फिटनेस आहे, खासगी गाडीची नोंदणी मात्र सरळ पंधरा वर्षांची. पंधरा वर्षं त्या ब्रेककडे कोण बघणार? मालक, मिस्त्री आणि पेडलवरचा पोरगा.

बाकीची कथा थोडक्यात. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती आली. पुढे मॅकफर्सन स्ट्रट, किंगपिन नाही, ग्रीसचं निपल नाही. झिजलेला सांधा आता दुरुस्त करायचा नसून अख्खा बदलायचा होता. बरोबर आहे ते, गाडी जास्त सुरक्षित झाली. कुर्ल्याची पद्मिनी २००० च्या सुमारास थांबली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २००३ च्या ऑक्टोबरमध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर उतरली. तिच्याबरोबर सुट्या भागांचा रोजचा खपही गेला. आज किंगपिनचा सेट शोधणाऱ्याला वणवण करावी लागते, आणि मिळालं तरी रबर किट किती वर्षं दुकानात पडून होतं हे बघावं लागतं, कारण रबर पाकिटातही म्हातारं होतं.

अण्णांनी त्यानंतरही ब्रेकचं काम घरीच केलं. फक्त रबरं धुवायला ब्रेकचं तेल एका स्टीलच्या वाटीत काढून घ्यायचे. ती वाटी आईने स्वयंपाकघरातून कायमची बाहेर काढली आणि तळाला खिळ्याने फुली मारून ठेवली, म्हणजे चुकून कोणी आमटी वाढून घेऊ नये. वाटी अजून आमच्याकडे आहे. प्रश्न असतील तर घेऊ या.